आव्यातील मातीचा नियम

पैठण मागे टाकून गोदावरी पूर्वेस वाहू लागली की तिच्या उत्तर तीरावर जो काळ्या मातीचा सपाट मुलूख लागतो, आणि जो दुधनेच्या खोऱ्यापर्यंत अखंड पसरत जातो, त्या मुलुखात, निजामी अमलात औरंगाबाद जिल्ह्याच्या अंबड तालुक्यात मोडणारे आणि आज जालना जिल्ह्याच्या घनसावंगी तालुक्यात मोडणारे, मौजे कुंभार पिंपळगाव वसलेले आहे. समर्थ रामदासांचे जन्मग्राम जांब याच तालुक्यातले. वरच्या अंगाला सातवाहनांची राजधानी आणि एकनाथांची कर्मभूमी असे पैठण. त्यामुळे या भागाचा इतिहास सांगू लागणारा मनुष्य राजवंशांकडे वळतो, नाहीतर संतांकडे वळतो, आणि त्यात वावगे काही नाही. परंतु ज्या व्यवसायाचे नाव या गावाने आपल्या नावापुढे मिरवले आहे, त्या व्यवसायाच्या विस्तवात घडणाऱ्या एका सूक्ष्म घटनेने विसाव्या शतकाच्या मध्यास पदार्थविज्ञानाला एक मूलभूत नियम मिळवून दिला, आणि तोच नियम आज सोन्याच्या पत्र्यावर बसवलेल्या एकेका रेणूच्या चुंबकत्वाचा न्यायनिवाडा करतो, ही हकीकत राजवंशांच्या हकीकतीइतकीच सांगण्याजोगी आहे, आणि तीच येथे सांगण्याचे मी योजिले आहे.

त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली प्रसिद्ध केलेल्या ‘गावगाडा’ या ग्रंथात बलुतेदारांच्या ज्या तीन ओळी दिल्या आहेत, त्यांत कुंभाराचे स्थान मधल्या ओळीत, चांभार, परीट आणि न्हावी यांच्या समवेत आहे. गावाला घागरी, रांजण, डेरे, गाडगी, परळ आणि पणत्या पुरवाव्यात. मुक्कामास आलेल्या अंमलदाराच्या तळावर पाण्याची भांडी पोचवावीत. संक्रांतीला सुगडी, पोळ्याला मातीचे बैल, नवरात्रात घट, लग्नात मंगलकलश आणि माणूस गेला की त्याच्यापुढे विस्तव नेण्याचे मडके, असा वर्षाचा आणि आयुष्याचा प्रत्येक टप्पा आपल्या हातच्या मातीने उभा करावा. आणि या सर्वांबद्दल सुगीच्या दिवसांत खळ्यावर जाऊन कुणब्याकडून धान्याचे बलुते घ्यावे, असा हा शिरस्ता होता. पाटील-कुलकर्ण्यांच्या दफ्तरात या हक्कांची नोंद सापडते, वतनाचे तंटे सापडतात, कोणाचा वाटा किती याविषयीच्या जबान्यादेखील सापडतात. परंतु कुंभार आपली भांडी भाजतो कशी, त्याचा आवा कोठे आहे आणि किती वर्षे तेथेच पेटत आला आहे, याची दखल कोणत्याही अंमलाने घेतली नाही. महसुलाच्या दृष्टीला आवा दिसत नव्हता.

म्हणून त्या आव्याविषयी थोडे विस्ताराने लिहिणे प्राप्त आहे. नुसत्या काळ्या मातीचे भांडे वाळताना तडकते, हे या भागातल्या कुंभाराला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे; म्हणून तो ओढ्याकाठची किंवा तळ्यातली गाळाची माती आणतो, ती कुटून चाळून भिजवतो, तिच्यात राख आणि लीद कालवतो, पायांनी तुडवून तिची लोण्यासारखी मऊ कणीक करतो, आणि मगच तिचा गोळा चाकावर ठेवतो. चाकावर भांड्याचे तोंड आणि गळा तेवढा पुरा होतो. पोट पुढे आतून गोटा धरून आणि बाहेरून थापटण्याने हलके हलके ठोकून वाढवावे लागते. भांडी सावलीत वाळली की आवा रचण्याचा दिवस येतो. जमिनीत किंचित खोलगट केलेल्या गोल जागेवर गोवऱ्या, तुराट्या आणि पऱ्हाट्या यांचा थर, त्यावर एकमेकांत बसवलेली, पालथी आणि कलती मडकी, पुन्हा जळण, पुन्हा मडकी, आणि सर्वांवर गवत, राख व चिखल यांचे आच्छादन. असा तो ढीग खालून पेटवला म्हणजे रात्रभर आतल्या आत धुमसत राहतो, सातशे-आठशे अंश सेल्सिअसपर्यंत चढतो, आणि नंतर अत्यंत सावकाश निवतो. ही सावकाशी मोठी महत्त्वाची आहे. घाईने उघडलेल्या आव्यातली भांडी चरकतात. आच्छादनातून वारा खेळत राहिला तर मातीतले लोह प्राणवायूशी पूर्ण संयोग पावून भांडे तांबडे निघते. वारा कोंडून धूर आत मुरवला तर ते काळे निघते. पक्के भाजलेले भांडे बोटाने वाजवले तर खणखणीत बोलते, कच्चे बद्द बोलते. तेरच्या गोरोबाकाकांनी थापटण्याने संतमंडळींची डोकी तपासली आणि नामदेवांचे मडके कच्चे ठरवले, ती आख्यायिका मराठी मनात इतकी रुजली, याचे कारण ती परीक्षा प्रत्येक घरातल्या बाईने बाजारात घागर घेताना स्वतः केलेली असते.

ज्या घटनेचा उल्लेख मी आरंभी केला ती मात्र बोटाला कळत नाही आणि कानालाही कळत नाही. मातीत लोहाची संयुगे असतात; आव्यात त्यांतून मॅग्नेटाइट आणि हेमॅटाइट या खनिजांचे अतिसूक्ष्म कण तयार होतात. मॅग्नेटाइट ५८० अंशांच्या वर आणि हेमॅटाइट ६८० अंशांच्या आसपास तापले की त्यांचे चुंबकत्व नाहीसे होते. म्हणजे भर पेटलेल्या आव्यात प्रत्येक भांडे चुंबकदृष्ट्या कोरे असते. पुढे आवा निवू लागतो, आणि निवता निवता प्रत्येक कणाचे चुंबकत्व परत येते. ते परत येते त्या क्षणी पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र त्या स्थळी ज्या दिशेला असेल त्या दिशेकडे कणांचा कल राहतो, आणि आणखी थोडी उष्णता उतरली की तो कल तसाच गोठतो. पृथ्वीचे हे क्षेत्र आपल्या भागात चाळीस हजार नॅनोटेस्लांच्या घरात आहे, म्हणजे खेळण्यातल्या लोहचुंबकाच्या मानाने अगदी क्षीण. तरीही त्याचा ठसा मडक्यात उमटतो, आणि मडके पुन्हा तितकेच तापवले नाही तर तो हजारो वर्षे पुसला जात नाही. पाणी भरा, पालथे घाला, फोडा, खापर उकिरड्यावर टाका, त्यावर शंभर पावसाळे जाऊ द्या. ज्या रात्री ते भाजले त्या रात्रीच्या पृथ्वीची साक्ष ते खापर धरून असते.

या साक्षीची पहिली चाहूल युरोपात लागली. इंग्लंडचा राजवैद्य विल्यम गिल्बर्ट याने १६०० साली, लाल तापवलेली लोखंडी कांब उत्तर-दक्षिण ठेवून निवू दिली तर ती चुंबक बनते, असे लिहून ठेवले. त्याच शतकात रॉबर्ट बॉईलने तापवून निववलेल्या विटेतही तोच गुण पाहिला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इटलीत जुझेप्पे फोल्गेराइटर याने प्राचीन एट्रुस्कन कुंभारांची भांडी तपासण्यास घेतली. भांडे भट्टीत सरळ उभे ठेवून भाजले असेल असे गृहीत धरून, त्यातल्या चुंबकत्वाचा उतार मोजून, त्या काळी चुंबकसूची क्षितिजाखाली किती झुकत होती हे काढण्याचा त्याचा यत्न होता. विसाव्या शतकाच्या प्रथम दशकात फ्रान्समध्ये बेर्नार ब्र्यून याने तर ज्वालामुखीच्या लाव्ह्याखाली भाजल्या गेलेल्या मातीचा थर तपासला, आणि त्या मातीतले चुंबकत्व आजच्या दिशेच्या उलट असल्याचे त्याला आढळले; वरचा लाव्हाही तसाच उलटा होता. पृथ्वीचे उत्तर आणि दक्षिण चुंबकध्रुव कोणे एके काळी अदलाबदल झालेले होते, या आज सर्वमान्य असलेल्या सिद्धांताचा पहिला भक्कम पुरावा मिळाला तो अशा रीतीने भाजलेल्या मातीतून मिळाला.

मात्र मडक्याची साक्ष नीट वाचण्याची पद्धत घालून दिली ती पॅरिसच्या एमिल तेलिए याने. १९३० नंतरच्या दोन-तीन दशकांत त्याने विटा, कौले आणि भट्ट्यांच्या जमिनी यांच्यावर इतक्या धीराने काम केले की त्या चिकाटीला कुंभाराच्या चिकाटीचीच उपमा द्यावी. त्याच्या ध्यानात असे आले की मडक्याने निवताना प्रत्येक तापमान-टप्प्यात मिळवलेले चुंबकत्व स्वतंत्र असते: चारशे ते तीनशे अंशांच्या दरम्यान जे लाभले ते पुन्हा चारशेपर्यंत तापवल्यावरच जाते, आणि बाकीच्या टप्प्यांच्या चुंबकत्वाला त्याने धक्का लागत नाही. म्हणून जुने खापर टप्प्याटप्प्याने तापवावे, प्रत्येक टप्प्यात जुने चुंबकत्व किती गेले हे मोजावे, प्रयोगशाळेतल्या ज्ञात क्षेत्रात निववून नवे किती आले हे मोजावे, आणि दोहोंच्या प्रमाणावरून ते खापर प्रथम भाजले त्या काळच्या पृथ्वीच्या क्षेत्राची तीव्रता काढावी. १९५९ साली त्याने आणि त्याची पत्नी ओदेत हिने ही पद्धत सविस्तर मांडली, आणि आजही ती त्यांच्याच नावाने चालते.

फोल्गेराइटरचे गृहीतक आपल्याकडच्या आव्याला लागू पडत नाही, हे येथे सांगितले पाहिजे. आपला कुंभार मडकी सरळ उभी ठेवून भाजीत नाही; ती पालथी, आडवी, एकमेकांच्या पोटात शिरलेली असतात, आणि आव्यातून काढल्यावर ती कोणत्या बाजूला कशी होती हे खुद्द कुंभारही सांगू शकणार नाही. त्यामुळे आपल्या खापरातून क्षेत्राची तीव्रता तेवढी मिळते, दिशा मिळत नाही. दिशेसाठी आव्याची जमीन हवी. ती माती भांड्यांबरोबरच भाजते, प्रत्येक खेपेला नव्याने भाजते, आणि जागची हलत नाही. शेवटचा आवा ज्या दिवशी निवला त्या दिवसाची पृथ्वीची दिशा तीत राहते. जुन्या गावठाणांत घरबांधणीसाठी आणि रस्त्यांसाठी अशा भाजलेल्या जमिनी रोज उखडल्या जात आहेत, आणि त्यांची किंमत शिलालेखाच्या किंमतीहून कमी नाही हे कोणी बोलत नाही, याचे मला मनापासून दुःख होते. अशा जमिनीचा हातभर तुकडा उकरण्याआधी त्यावर प्लास्टरची सपाट टोपी बसवून, सूर्याच्या छायेवरून किंवा होकायंत्राने उत्तर दिशेची रेघ आखून घेतली, तर एवढ्या अल्प खटाटोपाने एका गावाच्या इतिहासातला एक काळ हाती राहतो.

महाराष्ट्रात अशा पुराव्याची वाण नाही. नगर जिल्ह्यातील जोर्वे येथे १९५०-५१ साली हसमुख सांकलिया आणि शांताराम भालचंद्र देव यांनी उत्खनन केले, आणि तेथल्या तांबूस, काळ्या रेघांनी रंगवलेल्या, वाजवली असता धातूसारखी वाजणाऱ्या भांड्यांना त्या गावाचेच नाव मिळाले. ती सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकरी वसाहतींची भांडी. पुण्याजवळ भीमेच्या खोऱ्यात इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ पासून जे दीर्घ उत्खनन केले, त्यात तर त्या काळच्या कुंभाराची गोल भट्टीच सापडली. खुद्द जालना जिल्ह्यात भोकरदन येथे, म्हणजे प्राचीन भोगवर्धनात, १९७३ साली सातवाहन काळाची वस्ती खणून निघाली. तेथली हस्तिदंताची स्त्रीमूर्ती पाँपेईत मिळालेल्या मूर्तीशी मिळतीजुळती असल्याने तिचा गवगवा झाला, खापरांचा झाला नाही. आणि तरीही या देशाच्या खापरांकडे चुंबकशास्त्राच्या दृष्टीने पाहणारा मनुष्य मराठीच निघावा हे मला समाधानाचे वाटते: १९६६ साली ‘नेचर’ या नियतकालिकात आर. एन. आठवले यांनी भारतातील पृथ्वीच्या चुंबकक्षेत्राची गेल्या चार हजार वर्षांतली तीव्रता मांडणारा निबंध प्रसिद्ध केला.

कुंभाराच्या आव्यापेक्षा कितीतरी मोठा आवा या मुलुखाखाली आधीच पेटून निवला होता. घनसावंगीची काळी माती ज्या काळ्या कातळाच्या झिजेतून झाली, तो कातळ म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर पसरलेला लाव्हा. विहीर खणताना दोन थरांच्या मध्ये कोठे कोठे तांबड्या मातीचा पट्टा लागतो तो येथल्या गवंड्यांना परिचित आहे. त्या कातळातही मॅग्नेटाइटच्या जातीचे कण आहेत, आणि तेही निवताना तत्कालीन पृथ्वीची दिशा धरून बसले आहेत. १९५० नंतरच्या दशकात लंडनच्या इंपीरियल कॉलेजातील पॅट्रिक ब्लॅकेट यांच्या गटातून क्लेग, ड्यूश आणि ग्रिफिथ्स यांनी दख्खनच्या खडकांची ही दिशा मोजली, आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत पी. डब्ल्यू. सहस्रबुद्धे आणि सी. राधाकृष्णमूर्ती यांनी ते काम पुढे नेले. निष्पन्न झाले ते असे की हा लाव्हा निवला तेव्हा ही भूमी विषुववृत्ताच्या दक्षिणेस पुष्कळ दूर होती आणि तेथून ती उत्तरेकडे सरकत आली. खंडे चालतात की नाही याविषयी भूशास्त्रज्ञांत अजून कडाक्याचा वाद चालू असताना मराठवाड्याच्या पायाखालचा दगड त्यात साक्षीला उभा राहिला होता.

पृथ्वीचे क्षेत्र वर्षानुवर्षे बदलते कसे याची प्रत्यक्ष नोंद ठेवण्याचे कामही याच प्रांतात फार पूर्वी सुरू झाले. कुलाब्याची वेधशाळा १८२६ ची. तेथे १८४१ पासून चुंबकीय निरीक्षणे होऊ लागली, आणि बाळशास्त्री जांभेकर व केरो लक्ष्मण छत्रे या दोघांनीही तेथे सेवा केली. मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार म्हटल्यावर त्यांच्या प्रवाहाने उपकरणे बिघडतील हे ओळखून १९०४ साली नानाभाई मूस यांच्या देखरेखीखाली अलिबागेस नवी चुंबकशाळा उघडली, आणि दोन वर्षे दोन्हीकडे एकत्र निरीक्षण करून मगच कुलाब्याची नोंद बंद केली. दीडशेहून अधिक वर्षांची ही अखंड मालिका जगात दुर्मिळ आहे, आणि खापरांतून मिळणाऱ्या जुन्या आकड्यांना आजच्या काळाशी जोडणारी कडी तीच आहे.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. तेलिएने पाहिलेली टप्प्याटप्प्यांची स्वतंत्रता खरी असली तरी ती तशी का असावी हे त्याला सांगता येत नव्हते. ते सांगितले लुई नेएल या फ्रेंच पदार्थवैज्ञानिकाने, ज्याला पुढे १९७० साली नोबेल पारितोषिक मिळाले. १९४९ साली त्याने सूक्ष्म कणांच्या चुंबकत्वाविषयी जो निबंध लिहिला, त्याच्या शीर्षकातच हे विवेचन भाजलेल्या मातीला लागू करण्यासाठी आहे असे त्याने नोंदवले होते. त्याचा विचार असा: प्रत्येक कणाच्या चुंबकत्वाला दोन सोयीच्या दिशा असतात, परस्परांविरुद्ध, एकीतून दुसरीत जायचे तर मध्ये ऊर्जेचा एक घाट चढावा लागतो, घाटाची उंची कणाच्या आकारमानाच्या प्रमाणात असते, आणि चढण्याचे बळ तापमानातून मिळते. घाटाची उंची भागिले उष्णतेची ऊर्जा, हा भागाकार थोडा जरी वाढला तरी कणाचा स्मृतिकाल, म्हणजे तो आपली दिशा किती काळ टिकवतो ती मुदत, घातांकाच्या वेगाने वाढते. कण सेकंदाच्या अब्जाव्या भागात एकदा उलटण्याचा यत्न करतो असे धरले, तर हा भागाकार २५ असता स्मृतिकाल मिनिटभराचा येतो, ४० असता सुमारे सात वर्षांचा, आणि ६० असता तीन अब्ज वर्षांहून अधिक. आव्यात नेमके हेच घडते. तापलेल्या अवस्थेत कणाची दिशा क्षणोक्षणी पालटते. आवा काही अंश निवतो आणि तोच कण मनुष्यजातीच्या आयुष्याहून दीर्घ काळ एका दिशेस स्थिर होतो. ज्या तापमानाला हे संक्रमण होते त्याला अवरोध-तापमान म्हणतात. निरनिराळ्या आकारांच्या कणांची अवरोध-तापमाने निरनिराळी, म्हणून प्रत्येक टप्प्याचे चुंबकत्व स्वतंत्र. तेलिएच्या निरीक्षणाची याहून समाधानकारक मीमांसा मागता येणार नाही.

भाजल्या मातीसाठी लिहिलेला हा नियम पुढे तीस-चाळीस वर्षांनी अशा ठिकाणी जाऊन पोचला की जेथे ना माती होती ना विस्तव. १९८० साली पोलंडमधील रसायनशास्त्रज्ञ लिस याने मँगनीजच्या बारा आयनांचा एक सुबक रेणू तयार केला. मधे चार आयन, भोवती आठ, त्यांच्यामध्ये प्राणवायूचे सेतू आणि बाहेर ॲसिटेटचे कवच. आतले चार आणि बाहेरचे आठ यांची चुंबकत्वे परस्परविरुद्ध दिशेस असतात, आणि वजाबाकी होऊन बाहेरच्या आठांचे जे आधिक्य उरते त्याने सबंध रेणू एक ठाशीव लहान चुंबक बनतो. १९९३ साली फ्लॉरेन्सच्या रोबेर्ता सेस्सोली, दान्ते गात्तेस्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की हा एकटा रेणू, शेजाऱ्याच्या आधाराविना, आपली चुंबकदिशा टिकवून धरू शकतो. आव्यातल्या मॅग्नेटाइटचा तीस नॅनोमीटरांचा एक कण घेतला तर त्यात दहा लाखांच्या आसपास लोह-आयन असतात. येथे केवळ बारा आयनांत तेच कार्य. अर्थात इतक्या लहान चुंबकाचा ऊर्जेचा घाटही ठेंगणाच. म्हणून त्याची स्मृती दिसायची तर त्याला पराकाष्ठेचे थंड करावे लागते. निरपेक्ष शून्याच्या वर २ केल्विनला, म्हणजे उणे २७१ अंशांना, त्याचा स्मृतिकाल सुमारे दोन महिने भरतो. मडके उन्हात पडून दोन हजार वर्षे जे धरते, ते हा रेणू त्या भयानक गारठ्यात दोन महिने धरतो. पण दोघांचा हिशेब नेएलच्या एकाच सूत्राने मांडता येतो, आणि अवरोध-तापमान हा शब्दही दोघांना सारखाच लागू आहे.

एके ठिकाणी मात्र रेणू मातीपासून वेगळा पडला. १९९६ साली न्यूयॉर्क येथे आणि फ्रान्सच्या ग्रेनोबल येथे स्वतंत्रपणे आढळून आले की विशिष्ट बाह्य क्षेत्रे लावली असता हा रेणू घाट न चढता त्याच्या पोटातून आरपार निघून जातो आणि आपली दिशा बदलतो. पुंजयामिकीतली ही भुयारी वाट एवढ्या मोठ्या समूहात प्रथमच इतकी स्वच्छ दिसली. ग्रेनोबलचे ते काम झाले ती प्रयोगशाळा लुई नेएलच्याच नावाची होती.

स्फटिकात असे कोट्यवधी रेणू एकाच रोखाने ओळीने बसलेले असतात, आणि मापन होते ते सर्वांचे मिळून. परंतु एकेका रेणूवर एकेक अक्षर लिहायचे, म्हणजे त्याला माहितीचे कोठार करायचे, तर त्याला स्फटिकातून सोडवून कोणत्या तरी सपाट पृष्ठभागावर एकएकटा बसवला पाहिजे. आणि येथे या विद्येचा सर्वांत कठीण भाग सुरू होतो. बारा मँगनीजांचा रेणू सोन्यावर बसवून पाहिला तेव्हा त्यातल्या काही आयनांनी जास्तीचे इलेक्ट्रॉन स्वीकारले, त्यांची अवस्था पालटली आणि ज्या घडणीमुळे त्याला स्मृती होती तीच विसकटली. बाहेरून तो रेणू सोन्यावर बसलेला होता, पण चुंबक म्हणून तो उरला नव्हता. गोरोबांच्या परीक्षेचा प्रश्न येथे वेगळ्या पातळीवर उभा राहतो: वस्तू जागेवर आहे, आकारही आहे, पण तिचा गुण उरला आहे की नाही?

त्याचे उत्तर २००९ साली फ्लॉरेन्सचा मात्तेओ मान्निनी, मोदेनाचा आंद्रेया कोर्निया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिले. त्यांनी मँगनीज सोडून चार लोह-आयनांचा अधिक चिवट रेणू निवडला, त्याला गंधकाच्या टोकाच्या लांब साखळ्या जोडल्या, आणि गंधकाचे सोन्यावर जे उपजत प्रेम आहे त्याच्या बळावर रेणूंचा एकच थर पत्र्यावर बसवला. एका थरातले चुंबकत्व साध्या यंत्राला जाणवणार नाही इतके अल्प. म्हणून सिंक्रोट्रॉनमधून निघणाऱ्या, डावीकडे आणि उजवीकडे वळण घेतलेल्या क्ष-किरणांचे शोषण एक केल्विनच्याही खाली थंड केलेल्या थरात मोजून, दोहोंच्या फरकावरून लोह-आयनांचे चुंबकत्व त्यांनी काढले. सोन्याशी जोडलेल्या त्या थरात स्मृती शाबूत होती. पुढच्याच वर्षी त्यांनी त्या थरात रेणूंना एकाच रोखाने उभे करून भुयारी वाटही दाखवली. पुढे असेही ध्यानात आले की धातूच्या इलेक्ट्रॉनांचा रेणूशी फार सलगीचा व्यवहार होऊ न देणे हितकर असते: २०१६ साली चांदीवर मॅग्नेशियम ऑक्साइडचा काही अणूंचा पातळ थर घालून, त्यावर दोन थाळसर रेणूंच्या मध्ये टर्बियमचा अणू धरलेला रेणू बसवला तेव्हा त्याची स्मृती पूर्वीच्या कोणत्याही पृष्ठभागापेक्षा कितीतरी ठळक निघाली. ज्या पायावर चुंबक बसतो तो पाया त्याच्या गुणाला तारक किंवा मारक ठरतो, हे या एका प्रयोगाने निर्विवाद झाले.

दरम्यान रेणूचा घाट उंच करण्याचे यत्न एका वेगळ्या दिशेने फळाला आले. बारा आयनांऐवजी डिस्प्रोसियम या दुर्मिळ मृदाधातूचा एकच आयन, आणि त्याच्या दोन्ही टोकांना जोरकस बंध. अशा रेणूंत २०१७ साली ६० केल्विनपर्यंत आणि २०१८ साली ८० केल्विनपर्यंत स्मृती टिकली, म्हणजे द्रवरूप नायट्रोजनच्या ७७ केल्विनचा उंबरठा ओलांडला गेला. मात्र त्या वेळी विक्रमी ठरलेले हे रेणू हवेची झुळूक लागली तरी बिघडतात. या संदर्भात मुंबईत पवईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतल्या रामस्वामी मुरुगवेल, गोपालन राजारामन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ साली जो रेणू तयार केला त्याचे मोल मला फार वाटते. त्यातला डिस्प्रोसियमचा आयन मधोमध असून, त्याच्या वर आणि खाली फॉस्फरसयुक्त संयुगांतल्या प्राणवायूचे दोन घट्ट बंध आहेत, आणि कमरेभोवती पाण्याचे पाच रेणू सैलसर गुंफलेले आहेत. वर-खालचा जोर आणि भोवतालची शिथिलता यांमुळे आयनाचे चुंबकत्व त्या अक्षाला बांधले जाते. त्याचा ऊर्जेचा घाट सातशे केल्विनहून उंच निघाला, आणि मुख्य म्हणजे तो हवेत उघडा राहू शकतो. पृष्ठभागावर बसवायचा रेणू प्रथम द्रावणातून किंवा वाफेतून न बिघडता पोचला पाहिजे, मग तेथे त्याचा अक्ष सरळ उभा राहिला पाहिजे, आणि शेवटी खालच्या धातूने त्याचे बंध न हलवता त्याला धरले पाहिजे. या तीन अटींपैकी पहिलीचे ओझे पवईच्या रेणूने पुष्कळ हलके केले आहे, आणि उरलेल्या दोन अटींचा निकाल लागेल तो त्या पृष्ठभागावर निरनिराळ्या तापमानांना त्याचा स्मृतिकाल मोजून, नेएलने १९४९ साली भाजल्या मातीसाठी मांडलेल्या त्याच सूत्रात घालून पाहिल्यावर लागेल.